भांड्यांच्या खणखणाटातला एकांत

इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अँथनींची एक गोष्ट ख्रिस्ती संन्यासी शतकानुशतकं एकमेकांना सांगत आले आहेत. अँथनी तिसऱ्या-चौथ्या शतकातले. वडिलोपार्जित जमीन त्यांनी देऊन टाकली, घर सोडलं आणि ते माणसांपासून दूर दूर सरकत गेले. आधी गावाबाहेर, मग थडग्यांमध्ये, मग एका ओसाड किल्ल्यात. त्या किल्ल्यात जवळजवळ वीस वर्षं त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं. ख्रिस्ती जगात एकांताचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच येतं. अशा या अँथनींना एकदा देवाकडून समजलं की शहरात त्यांच्या तोडीचा एक माणूस राहतो. कोण? एक वैद्य. दिवसभर रोग्यांच्या गराड्यात असणारा, पोटापुरतं ठेवून बाकीचं गरिबांना वाटणारा, आणि रोज देवदूतांच्या सुरात सूर मिसळून देवाची पवित्रता गाणारा.

ही गोष्ट शहरातल्या वैद्यांनी रचली असती तर नवल नव्हतं. पण ती जपली, लिहून ठेवली आणि नव्या शिष्यांना ऐकवली ती वाळवंटातल्या संन्याशांनीच. ज्यांनी एकांतासाठी सगळं सोडलं होतं, त्यांनीच सांगावं की गर्दीतला एक माणूस आमच्या गुरूइतकाच पोचलेला आहे! त्याच परंपरेतल्या अम्मा सिंक्लेतिका या तपस्विनीनं तर स्पष्टच बजावलं होतं की डोंगरावर राहूनही माणूस मनानं बाजारात असू शकतो, आणि घोळक्यात राहूनही मनानं एकटा राहू शकतो.

याचं मूळ शुभवर्तमानातच आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य दमूनभागून परत येतात. माणसांची ये-जा एवढी की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही. येशू त्यांना निर्जन जागी विसाव्याला न्यायचं ठरवतो. ते होडीत बसतात. लोक ते पाहतात आणि काठाकाठानं धावत त्यांच्याआधीच तिथं पोचतात. येशूला त्यांचा कळवळा येतो. मग ज्या जागी एकांत शोधायला निघाले होते, त्याच जागी, हिरव्या गवतावर, पाच हजारांच्या पंगती बसतात. एकांताचं जेवणघर होतं! आणि सगळे जेवून घरी गेल्यावर येशू एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. एकांत मिळतो, पण वाढून झाल्यावर. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्याचा अख्खा पेच आणि त्याची उकलही या प्रसंगात आहे, असं मला वाटतं. ही उकल एका माणसानं जन्मभर जगून दाखवली. तो मठातला स्वयंपाकी होता.

त्याचं नाव निकोला हर्मन. जन्म 1614च्या सुमाराचा, लोरेन प्रांतातल्या एरिमेनिल नावाच्या खेड्यातला. घर गरिबीचं, शिक्षण बेताचं. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्यानं एक झाड पाहिलं. पानं झडलेलं, नुसता सांगाडा. त्याच्या मनात आलं की थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग मोहोर येईल, फळं धरतील. बस, एवढंच. पण त्या क्षणी देवाच्या सामर्थ्याची आणि मायेची जी जाणीव त्याला झाली, ती पुन्हा कधीच पुसली गेली नाही, असं त्यानं म्हातारपणी सांगितलं. दृष्टांत नाही, आकाशवाणी नाही. खराट्यासारखं एक झाड पुरलं.

पुढे तो सैनिक झाला. तीस वर्षांच्या युद्धानं तेव्हा मध्य युरोप उजाड करून टाकला होता. त्यात तो हेर समजून पकडला गेला, सुटला, मग जखमी झाला, आणि पाय कायमचा अधू राहिला. काही काळ एका बड्या खजिनदाराकडे तो हरकाम्या होता. अंगानं धिप्पाड आणि हातानं धसमुसळा. वस्तू हातात घेतली की ती फुटलीच, असं तो स्वतःबद्दल सांगायचा. मध्येच एका संन्याशाबरोबर एकांतवास करून पाहिला, तोही जमला नाही. शेवटी 1640 साली पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेलाइट मठात तो दाखल झाला. दोन वर्षांनी व्रतं घेतली आणि तिथं त्याला नवं नाव मिळालं, ब्रदर लॉरेन्स.

मठात तेव्हा दोन प्रकारचे लोक असत. दीक्षा घेऊन धर्मगुरू होणारे, लॅटिन जाणणारे ब्रदर ठरलेल्या प्रहरांना गायनमंडपात उभे राहून स्तोत्रं म्हणत. दुसरे श्रमाचे ब्रदर. पाणी, लाकूड, स्वयंपाक, शिवणटिपण त्यांच्याकडे. ब्रदर लॉरेन्स दुसऱ्या वर्गातले, आणि त्यांच्या वाट्याला मुदपाकखाना आला. त्या कामाची त्यांना मनापासून नावड होती, हे मुद्दाम सांगायला हवं. आपण त्यांना हसतमुख, स्वयंपाकात रमलेला साधू अशा रंगात रंगवतो. प्रत्यक्षात हा लंगडणारा माजी सैनिक न आवडणाऱ्या कामात पंधराएक वर्षं उभा होता. कार्मेलाइट नियमात धडधाकट ब्रदरांना मांस वर्ज्य, त्यामुळे अंडी, मासे, भाज्या यांचीच रोजची जेवणं. तव्यावर अंड्याची पोळी उलटतानाही ती आपण देवाच्या प्रेमाखातर उलटतो, असं त्यांनी सांगितल्याची आठवण त्यांच्या परिचितांनी नोंदवून ठेवली, ती याच मुदपाकखान्यातली.

आणि त्यांनी असा एक दावा केला की ऐकणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. चार जण एकदम चार गोष्टी मागताहेत, भांडी आदळताहेत, अशा वेळी देव माझ्याजवळ जितका शांतपणे असतो, तितकाच तो वेदीपुढे गुडघे टेकले असताना असतो, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरकच उरला नव्हता. वरिष्ठांच्या आज्ञेनुसार ते प्रार्थनेला बसत, पण तिथं वेगळं काही मिळतं म्हणून नव्हे.

हे घडतं कसं? एवढ्या मोठ्या गोष्टीची कृती इतकी साधी असावी, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. कामाला हात घालण्याआधी ते देवाला दोन शब्दांत सांगत की तुझ्या आज्ञेनं आता मला या बाहेरच्या कामात मन घालायचं आहे, तू जवळ राहा. काम चालू असताना अधूनमधून आतल्या आत एक नजर त्याच्याकडे टाकत. ठरावीक शब्द नाहीत, मोजदाद नाही. काम संपल्यावर ते मागे वळून पाहत. नीट झालं असेल तर आभार मानत, बिघडलं असेल तर क्षमा मागत आणि लगेच पुढच्या कामाला लागत. सुरुवातीला त्यांनी ध्यानाच्या पद्धती सांगणारी पुस्तकं वाचली होती. पण त्या पुस्तकांमुळे गोंधळच वाढला, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

त्या नजरेमागचा विश्वास ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. देव दूर कुठे तरी बसलेला नाही, तो आत आहे. त्याला बोलवावं लागत नाही, त्याच्याकडे वळावं लागतं. नाझरेथमध्ये तीसएक वर्षं जो सुताराच्या घरात वाढला आणि राबला, त्याला मुदपाकखान्यात परकं का वाटावं? सोळाव्या शतकात कार्मेलाइट संघाचं नूतनीकरण करणाऱ्या आविलाच्या संत तेरेजांनी आपल्या भगिनींना हेच सांगितलं होतं. आज्ञेनुसार स्वयंपाकघरात जावं लागलं तर खंतावू नका, प्रभू तिथल्या भांड्याकुंड्यांतही वावरतो. ब्रदर लॉरेन्स त्याच घराण्यातले.

पण हे सगळं आपोआप जमलं असं समजू नये. पहिली दहाएक वर्षं त्यांना फार जड गेली. आपली पापं सतत डोळ्यांपुढे, आपण देवाचे नाहीच ही भीती, पडणं आणि उठणं. कधी वाटे की सगळी सृष्टी, बुद्धी आणि देवही आपल्या विरोधात आहेत, फक्त श्रद्धा तेवढी बाजूला आहे. मग एके दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की असंच मरेपर्यंत चालणार असेल तर चालू दे, मी त्याच्यावर प्रेम करणं सोडणार नाही. आणि सुटकेची आशा जिथं सोडली तिथंच एकाएकी मन पालटलं. जी शांती आली ती मग राहिलीच. त्यांच्या सगळ्या सांगण्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. उत्तेजन हवं असलेल्या माणसाला यशाची कथा फारशी उपयोगी पडत नाही. दहा वर्षं हाती काही न लागलेला माणूस तरीही रोज सकाळी चूल पेटवत होता, ही कथा उपयोगी पडते.

चूक झाल्यावर ते काय करत, तेही ऐकण्यासारखं आहे. ते हबकत नसत. देवा, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असाच वागणार, पडू न देणं तुझ्या हाती आहे, असं सांगून ते तो विषय तिथंच संपवत. आपल्याकडे प्रार्थनेला बसल्यावर लक्ष उडालं की अर्धा वेळ स्वतःला दोष देण्यातच जातो, आणि ते दोष देणंसुद्धा पुन्हा स्वतःभोवतीच फिरणं असतं. पत्रातून मन भरकटण्याची तक्रार करणाऱ्या एका धर्मभगिनीला त्यांनी उत्तर दिलं की श्रीमंताच्या दारात पडून राहिलेल्या मुक्या, लुळ्या भिकाऱ्यासारखं देवापुढे राहा. मन भटकलं तर बेचैन होऊ नका, हळूच परत आणा.

त्याच पॅरिसमध्ये, त्याच दशकांत ब्लेझ पास्काल राहत होता. माणसाला खोलीत शांत बसता येत नाही आणि त्याची बहुतेक दुःखं यातूनच जन्मतात, असं निदान या प्रखर बुद्धीच्या गणितज्ञानं केलं. 23 नोव्हेंबर 1654च्या रात्री त्याला देवाचा जो धगधगता अनुभव आला, तो त्यानं चर्मपत्रावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. तो मेल्यावर नोकराच्या हाताला ते लागलं. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. पण एकाच शहरात एकानं देवाचा स्पर्श अस्तरात लपवावा आणि दुसऱ्यानं तो पळी-पातेल्यांत उघड्यावर ठेवावा, हे पाहून मन भरून येतं. दोघांचीही मला गरज वाटते. पास्कालनं रोग दाखवला. ब्रदर लॉरेन्सनी दाखवलं की ज्याला बसायला खोलीच नाही, त्यालाही वाट आहे.

मराठी वाचकाला इथं जनाबाई आठवणारच, आठवायलाच हवी. पण दोन्ही चित्रं बारकाईनं पाहावीत. जनीच्या कथेत विठ्ठल स्वतः जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. ब्रदर लॉरेन्सच्या तव्यावरची पोळी कुणी येऊन उलटली नाही. त्यांचं कामही कमी झालं नाही, पायही बरा झाला नाही. देव कामात सोबतीला होता, बदली कामगार म्हणून नव्हता. एका कथेत देव कष्ट वाटून घेतो, दुसरीत कष्ट तेवढेच राहतात पण माणूस एकटा राहत नाही. मला यांतलं एकही चित्र सोडवत नाही.

याच संघाचा एक धागा गोव्यातही आहे. तोमास रोद्रिगिश द कुन्या हा पोर्तुगीज सैनिक नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आला, कार्मेलाइट संघात शिरला आणि ब्रदर रेदेम्प्तो झाला. तोही श्रमाचा ब्रदर, तोही पूर्वाश्रमीचा सैनिक. गोव्याच्या मठात दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वास्तपुस्त करणं हे त्याचं काम. पुढे वकिलातीबरोबर तो सुमात्रातल्या आचेला गेला आणि 1638 साली तिथं श्रद्धेसाठी मारला गेला. म्हणजे ब्रदर लॉरेन्स पॅरिसच्या मठात आले त्याच्या दोनच वर्षं आधी. एकानं दार सांभाळलं, दुसऱ्यानं चूल. दारावरच्या माणसाला तर मठातला सगळ्यांत कमी एकांत मिळतो, दर थोड्या वेळानं कुणीतरी घंटा वाजवतंच.

उतारवयात पाय फारच दुखू लागला तेव्हा ब्रदर लॉरेन्सना वहाणा दुरुस्तीच्या खोलीत बसवलं. त्या मठातले ब्रदर वहाणाच घालत, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बर्गंडीलाही पाठवलं होतं. व्यवहारात ते कच्चे, पाय असा. होडीतल्या पिंपांवरून लोळत लोळतच त्यांना पुढे सरकता येई. त्यांनी देवाला सांगून टाकलं की हे तुझं काम आहे. आणि ते पार पडलं, नीट पडलं. कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

12 फेब्रुवारी 1691 रोजी ते गेले. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. जोसेफ द बोफोर नावाच्या धर्मगुरूंनी 1666पासून त्यांच्याशी झालेल्या चार संभाषणांचं टिपण केलं होतं. पहिलं 3 ऑगस्टचं, आणि त्यात ते हिवाळ्यातलं झाड आहे. या टिपणांना पंधरा-सोळा पत्रं जोडून बोफोरांनी 1692 आणि 1694 साली छोटी पुस्तकं छापली. पुढे फ्रान्समधल्या कॅथलिकांत अंतर्मुख प्रार्थनेवरून मोठा वाद पेटला, आर्चबिशप फेनलाँच्या पुस्तकातल्या काही मतांना रोमनं दोषी ठरवलं, आणि फेनलाँनी गौरवलेला हा स्वयंपाकीही मायदेशात बाजूला पडला. त्याला वाचवलं प्रोटेस्टंटांनी. पिएर प्वारेनं तो पुन्हा छापला, इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनं आपल्या अनुयायांच्या वाचनात त्याला जागा दिली. ज्या शतकांत दोन्ही पंथ एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, तेव्हा एका कॅथलिक मठातली ही चूल प्रोटेस्टंट घरांत धगधगत राहिली.

विसाव्या शतकात फ्रँक लॉबाक या अमेरिकन मिशनऱ्यानं हाच धागा प्रयोग म्हणून हाती घेतला. साल 1930. फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर, लानाओ सरोवराकाठी, मोरो मुसलमानांच्या वस्तीत तो काम करत होता. कुटुंब दूर, मन खचलेलं. संध्याकाळी घरामागच्या टेकडीवर तो चढायचा. त्यानं ठरवलं की दर मिनिटाला निदान एक सेकंद तरी देवाची आठवण करायची. वडिलांना लिहिलेल्या पत्रांत तो आपली प्रगती आणि फजिती दोन्ही कळवत राहिला. या प्रयत्नाला त्यानं पुढे मिनिटांचा खेळ म्हटलं. याचा परिणाम तो जगापासून तुटण्यात झाला नाही, हे फार लक्षणीय आहे. त्याच काळात त्याला शेजाऱ्यांविषयी नव्यानं प्रेम वाटू लागलं, त्यांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवण्याचं काम त्यानं उभं केलं, आणि शिकलेल्या एकानं दुसऱ्या एकाला शिकवावं ही त्याची पद्धत पुढे भारतासह कितीतरी देशांत गेली. खरा एकांत माणसाला माणसांकडे परत पाठवतो, याचा इतका ढळढळीत दाखला क्वचितच मिळतो.

वसईहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या, डबा भरता भरता मुलाला उठवणाऱ्या, आजारी सासूचं करणाऱ्या बाईला कुणी सांगितलं की रोज तासभर मौनात बसा, तर ते तिच्या जगण्याशी क्रूरपणा करणंच आहे. ब्रदर लॉरेन्स तिच्याकडे तास मागत नाहीत. एका सैनिकासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं आहे की तलवार हाती घेऊन कूच करतानाही मन क्षणभर वर उचलता येतं, आणि ते छोटं स्मरणही देवाला पोचतं. गॅस पेटवताना, दाराची कडी काढताना, फोन उचलण्याआधी. मिस्सा, रोझरी, शुभवर्तमानाचं वाचन यांची जागा यानं घ्यायची नाही. हे त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत शिरतं, आणि दिवसात त्या जागाच जास्त असतात.

त्यांच्या पत्रांपैकी एक पत्र मला विशेष प्रिय आहे. कुणा मठमातेनं आग्रह धरला होता की देवाच्या सहवासाची ही सवय तुम्हाला कशी लागली ते लिहून कळवा. त्यांनी लिहिलं, पण एका अटीवर. हे पत्र कुणालाही दाखवायचं नाही. तुम्ही ते दाखवाल असं कळलं असतं तर तुमच्या आत्मिक प्रगतीची कितीही तळमळ असली तरी मी ते लिहिलं नसतं, असंही त्यांनी बजावलं. दहा वर्षांच्या त्या अंधाराची आणि त्यातून बाहेर पडण्याची हकिगत त्याच पत्रात आहे. ते पत्र कुणी, केव्हा बोफोरांच्या हाती दिलं याची नोंद नाही, आणि छापताना त्या मातेचं नावही झाकलं गेलं. तिनं किंवा तिच्या मागून आलेल्या कुणी तरी ती अट मोडली, आणि त्या अनामिक हाताचे मी मनापासून आभार मानते.